कापसाची गाडी आणि पॉलिपचा तुकडा

(जळगावातल्या एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, कापसाची गाडी जिनिंगवर लागली की ग्रेडर काय करतो, हे मी तुम्हाला सांगायला नको. वरचा पांढराशुभ्र कापूस तो बघतसुद्धा नाही. बाही वर सारतो, कोपरापर्यंत हात खुपसतो आणि खालून मूठभर ओढतो. कवडी म्हणजे किडका कापूस असो की ओल, सापडते ती तिथेच. मी पॅथॉलॉजिस्ट, म्हणजे शरीरातून काढलेला तुकडा काचेच्या स्लाइडवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली तपासणारा डॉक्टर. माझ्या टेबलावर येणारी मूठ मात्र बहुतेक वेळा वरचीच असते.

मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तरावर जो कोंब उगवतो तो पॉलिप. सगळेच कॅन्सरकडे जात नाहीत. ज्यांना आम्ही अ‍ॅडिनोमा म्हणतो, त्यांतले काही जातात, आणि त्यालाही बहुधा दहाएक वर्षं लागतात. दुर्बिणीतून चिमटा घालून त्याचा तुकडा घेतात, तो असतो दोन-तीन मिलिमीटरचा. आता हिशेब करा. पॉलिप 3 सेंटीमीटर रुंद आणि तुकडा 3 मिलिमीटर, म्हणजे पृष्ठभागाचा शंभरावा भाग. खोलीचं तर बोलायलाच नको.

आणि सगळी गोम खोलीतच आहे. आतड्यात कॅन्सर म्हणायचं कधी? बिघडलेल्या पेशी अस्तराखालचा स्नायूचा पातळ पडदा फोडून पलीकडच्या थरात उतरल्या, तर. चिमटा पुष्कळदा त्या पडद्यापर्यंत पोचतच नाही.

यावल तालुक्यातले एक केळीवाले आजोबा आठवतात. शौचातून रक्त जायचं, दोन वर्षं मूळव्याध म्हणून काढली. दुर्बिणीत मोठा पॉलिप दिसला, दोन तुकडे माझ्याकडे आले. साधा अ‍ॅडिनोमा, पेशींत फारसा बिघाड नाही, असा रिपोर्ट मी दिला. मुलगा खुशीत म्हणाला, "रिपोर्टमा काही नही निंघनं!" पुढे अख्खा पॉलिप काढून आला, तेव्हा एका कोपऱ्यात कॅन्सर खाली उतरलेला होता. माझा पहिला रिपोर्ट त्या दोन तुकड्यांपुरता बरोबरच होता. तरी त्या मुलाला समोर बसवून हे सांगताना माझी जीभ जड झाली होती.

अजून एक चकवा आहे. सेरेटेड नावाचे चपटे पॉलिप असतात. ते निरुपद्रवी हायपरप्लास्टिक आहेत की पुढे बिघडू शकणारे, हे अस्तरातल्या ग्रंथींच्या बुडाशी ठरतं. तुकड्यात बूडच नसेल, तर आम्ही ठरवायचं कशावरून? उलटी चूकही होते. देठाचा पॉलिप पीळ खाऊन खाऊन त्याच्या ग्रंथी देठात सरकतात आणि स्लाइडवर कॅन्सरचा भास होतो. अशा स्लाइडवर दोन पॅथॉलॉजिस्टांचं एकमत होत नाही, असंही घडतं. मी स्वतः अशा स्लाइड दुसऱ्याला दाखवतो, त्यात कमीपणा कसला?

म्हणून शक्य असेल तिथे पॉलिप अख्खाच काढायचा, तारेच्या फासात धरून. न्यूयॉर्कमध्ये हिरोमी शिन्या यांनी 1969 मध्ये कोलोनोस्कोपमधून, म्हणजे मोठ्या आतड्याच्या लवचिक दुर्बिणीतून, हे करून दाखवलं, तोवर आतड्यात वर असलेल्या पॉलिपसाठी पोट उघडावं लागायचं. अख्खा पॉलिप आला की मला कडा दिसतात, बूड दिसतं, देठ किती खोल गेलाय ते मोजता येतं. छोटे पॉलिप तर फासात सहज येतात, त्यांचा नुसता तुकडा घेऊन थांबण्यात फारसा अर्थ नाही. मोठा पॉलिप तिथेच ठेवून तुकडा पाठवला असेल आणि रिपोर्ट चांगला आला, तर डॉक्टरांना सरळ विचारा: बाकीचा कधी काढणार?

एक चिठ्ठी आली आहे: "तुकडा घेतल्याने कॅन्सर पसरतो का?" आपल्याकडे या भीतीने कितीतरी लोक दुर्बिणीला जातच नाहीत. आतड्याच्या पॉलिपचा तुकडा घेतल्याने कॅन्सर पसरत नाही. त्रास होतो तो वेगळाच. चपट्या पॉलिपचे पुन्हा पुन्हा तुकडे घेतले की खाली जखमेचा वण धरतो. मग अख्खा काढायच्या वेळी खालून सलाइन टोचून तो फुगवायला जावं, तर उचलला जात नाही, चिकटून बसतो. म्हणून असा पॉलिप दिसला की जाणकार डॉक्टर चिमटा बाजूला ठेवतो, फोटो काढतो आणि तो अख्खा काढू शकेल अशा माणसाकडे तुम्हाला पाठवतो. तेव्हा "साधा तुकडासुद्धा घेतला नाही" म्हणून त्याच्यावर रागावू नका.