ग्रीनजवळचे छोटे फटके

श्रोतेहो, नमस्कार.

आज गोल्फविषयी बोलायचं आहे, आणि तेही त्यातल्या सर्वांत छोट्या फटक्यांविषयी. नागपुरात हा खेळ क्रिकेटसारखा गल्लोगल्ली दिसत नाही, म्हणून आधी थोडी ओळख. अगदी बारीक कापलेल्या गवताचा जो पट्टा असतो, तो ग्रीन. त्यावर 108 मिलिमीटर व्यासाचं होल आणि होलमध्ये झेंडा. चेंडू ग्रीनच्या अलीकडे पाच-दहा किंवा तीसेक पावलांवर थांबला, तर तो होलपाशी न्यायचे मुख्य मार्ग दोन. थोडासा उचलायचा आणि बाकीचं अंतर घरंगळत जाऊ द्यायचं, ती चिप. उंच उडवायचा आणि उतरल्यावर लवकर थांबेल असा टाकायचा, ती पिच.

दोन्हींना ताकद लागत नाही. तरीही 200 मीटरचा ड्राइव्ह, म्हणजे सुरुवातीचा लांब फटका, सहज मारणारा खेळाडू इथे येऊन आखडतो. मुठी आवळल्या जातात आणि फटका होण्याआधीच मान वर होते. या भीतीकडे लाजेनं पाहू नका. तिच्यामागे सरळ कारण आहे. चेंडू हवेत उठायला हवा, ही काळजी मनात असते. मग खेळाडू तो उचलायला जातो, शरीराचा भार मागच्या पायावर सरकतो आणि स्टिक चेंडूच्या अलीकडेच जमिनीत घुसते. चेंडू दोन हात पुढे जाऊन थांबतो. पुढच्या वेळी जमीन टाळायची म्हणून स्टिक वर ओढली जाते, तिची धार चेंडूच्या पोटावर बसते आणि चेंडू ग्रीन ओलांडून पार पलीकडे. असं लागोपाठ दोनदा झालं, की तिसऱ्या फटक्याला हात थरथरतातच.

हे मोठमोठ्यांनाही चुकलेलं नाही. जानेवारी 2015 मध्ये फीनिक्स ओपन या स्पर्धेच्या दुसऱ्या फेरीत अमेरिकेचा दिग्गज गोल्फपटू टायगर वुड्सनं 82 फटके घेतले. या खेळात फटके जितके कमी तितके चांगले. व्यावसायिक कारकिर्दीतली तोवरची त्याची सर्वांत वाईट फेरी होती ती, आणि ग्रीनजवळच्या चिप्सनी त्या दिवसांत त्याला फार छळलं. हाच वुड्स 2005 च्या मास्टर्स या मोठ्या स्पर्धेत सोळाव्या होलवर चिप मारताना होलकडे रोखून उभा राहिला नव्हता. त्यानं चेंडू होलच्या बराच डावीकडे, वरच्या उतारावर टाकला. तिथून तो वळला, हळूहळू खाली आला, होलच्या काठावर क्षणभर अडला आणि आत पडला. ती स्पर्धा त्यानं जिंकली, आणि 2015 नंतरच्या पडत्या काळातून वर येऊन 2019 ला पुन्हा मास्टर्स जिंकली. गेलेला विश्वास परत मिळवता येतो, याचा याहून मोठा दाखला मला ठाऊक नाही.

त्या चिपमधली मला सर्वांत मोलाची वाटते ती गोष्ट म्हणजे त्याची नजर. ती होती चेंडू उतरण्याच्या जागेवर. माझं ठाम मत आहे, की ग्रीनजवळची बहुतेक भीती अर्धवट निर्णयातून येते. झेंड्याकडे पाहत "जाईल कसाबसा" म्हणून स्टिक फिरवली, तर हाताला नेमकं काय करायचं तेच कळत नाही. जामठ्याच्या मैदानावर कव्हरमधला क्षेत्ररक्षक चेंडू खालून यष्टिरक्षकाकडे फेकतो, तेव्हा कोपर किती वाकवायचं याचा हिशेब तो करत बसत नाही. टप्पा कुठे पडावा हे डोळ्यांनी ठरवलेलं असतं आणि हात तसा चालतो. म्हणून नवख्या खेळाडूनं पहिल्या दिवशी स्टिक बाजूला ठेवावी. ग्रीनच्या काठावर उभं राहून चेंडू हातानं खालून टाकावा. कुठे टप्पा पडला की किती घरंगळतो, हे पाहावं. अंतराची जाण अशी फार लवकर येते.

मग स्टिक कोणती, हा प्रश्न. त्यासाठी बाराचा जुना हिशेब आहे. समजा, उतरण्याची जागा चेंडूपासून तीन पावलांवर आहे आणि तिथून होल बारा पावलांवर. म्हणजे घरंगळण्याचं अंतर उडण्याच्या चौपट. बारातून चार वजा केले, आठ उरले. 8 आयर्न, म्हणजे 8 नंबरची स्टिक, घ्या. नंबर जितका मोठा, तितका चेंडू उंच उडतो आणि कमी घरंगळतो. दुप्पट घरंगळायचं असेल तर दहा उरतात, तेव्हा पिचिंग वेज, म्हणजे चेंडू त्याहून उंच उडवणारी स्टिक. हा हिशेब सपाट आणि मध्यम वेगाच्या ग्रीनचा. गवत वाढलेलं असेल किंवा चढ असेल तर चेंडू कमी पळतो, मग 8 ऐवजी 7 घ्या. फटका मात्र तोच ठेवा. पाय जवळ, भार पुढच्या पायावर, हात चेंडूच्या किंचित पुढे, आणि स्टिक मागे जितकी नेली निदान तितकी पुढे. मध्येच वेग तोडू नका. मागे लांब नेऊन चेंडूपाशी कच खाणं हाच सर्वांत घातक दोष आहे.

आता आपल्या मातीचं पाहू. विदर्भातली काळी माती मे महिन्यात, पारा 45 अंशांवर जातो तेव्हा, दगडासारखी होते. अशा टणक, उघड्या जागी सँड वेज, म्हणजे वाळूतून चेंडू काढायची स्टिक, घेऊन चेंडू उंच उडवण्याचा मोह आवरा. सँड वेजच्या तळाला मागच्या बाजूनं फुगवटा असतो. अमेरिकेचा गोल्फपटू जीन सॅराझेननं असा तळ जाड केलेला वेज वापरून 1932 ची ब्रिटिश ओपन जिंकली. तो फुगवटा वाळूत स्टिकला रुतू देत नाही, पण कडक जमिनीवर उसळी घेतो आणि धार चेंडूच्या पोटावर जाते. तिथे 8 आयर्न, किंवा वाटेत अडथळा नसेल तर सरळ पटर, म्हणजे ग्रीनवर चेंडू घरंगळवायची स्टिक. पटरनं खेळण्यात कमीपणा काहीच नाही. जुलैत हीच माती चिखल होते, तेव्हा तोच फुगवटा आपल्याला तारतो.

हरळीचाही स्वभाव ओळखावा. तिची पाती एका दिशेला झुकलेली असतात. झुकाव आपल्याकडे असेल तर स्टिक गवतात अडकते, म्हणून फटका जरा भक्कम हवा. डिसेंबरच्या पहाटे दव असतं. ओल्या ग्रीनवर चेंडूचा वेग मंदावतो, आणि ऊन चढलं की तोच ग्रीन पळू लागतो. सकाळचा अंदाज दहा वाजता तसाच वापरू नये.

भारताची गोल्फपटू अदिती अशोक हिचं नाव इथे घ्यायलाच हवं. टोकियो ऑलिंपिकमध्ये, 2021 च्या ऑगस्टमध्ये, ती चौथी आली. पदक एका फटक्यानं हुकलं. तिचे ड्राइव्ह इतर अनेकींपेक्षा आखूड होते. तिनं टक्कर दिली ती ग्रीनजवळच्या खेळावर आणि पटिंगवर. आपल्या मुलींना हे आवर्जून सांगा. आणि सगळा संच परवडत नाही म्हणून कुणी मागे राहू नये. स्पेनचा सेव्ह बालेस्टेरोस लहानपणी समुद्रकिनाऱ्यावर एकाच 3 आयर्ननं सगळे फटके शिकला, आणि पुढे त्यानं तीनदा ब्रिटिश ओपन जिंकली.

सरावाची एक पद्धत सुचवतो. एकाच जागेवरून टोपलीभर चेंडू मारत बसू नका. दहावा चेंडू छान जातो, पण सामन्यात दहावा मिळत नाही. एकच चेंडू घ्या, ग्रीनभोवती दर वेळी वेगळ्या जागी टाका, उतरण्याची जागा मोठ्यानं बोलून दाखवा, चिप मारा आणि पटरनं होल पूर्ण करा. मग पुढची जागा. होलमध्ये गेला का, यापेक्षा ठरवलेल्या जागी उतरला का, एवढंच वहीत लिहा.

घरी गच्चीवर पायपुसणं अंथरून, चार पावलांवर घमेलं ठेवूनही हे जमतं. मात्र तिथे प्लॅस्टिकचा पोकळ चेंडूच वापरा. खरा चेंडू जवळपास 46 ग्रॅमचा आणि फार कडक असतो. बागेत किंवा लोक फिरायला येतात अशा मैदानावर तो काढूच नका. नमस्कार.