मोन्सांतो: धोंड्याखाली संसार थाटलेलं गाव

ही घरं जरा नीट बघा. काहींवर कौलं आहेत, पण काहींच्या डोक्यावर चक्क एक अख्खा ग्रॅनाइटचा धोंडा आहे आणि तोच त्यांचं छप्पर, खाली दगडी भिंती घातल्या, दार बसवलं, झालं घर. गावातले लोक याला एका कौलाचं घर म्हणतात. हे मोन्सांतो, पूर्व पोर्तुगालमधलं, स्पेनची बॉर्डर इथून जवळच. हे धोंडे हलवणं कोणाच्या बापाला जमणारं नव्हतं, म्हणून मग गल्ल्याच त्यांना वळसा घालून गेल्या, आणि डुकरांसाठी जी खोपटी बांधली तीही दगडाचीच.

१९३८ मध्ये पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या सरकारने सगळ्यात पोर्तुगीज गाव कोणतं अशी स्पर्धा घेतली (हो, अशीही स्पर्धा असते!) आणि मोन्सांतो जिंकलं. बक्षीस काय, तर चांदीचा कोंबडा. त्याची कॉपी अजून गावातल्या लुकानो टॉवरच्या टोकावर बसलीये. हुकूमशाहीचा प्रचार होता तो, दुसरं काही नाही, पण गावाला तो कोंबडा आवडतो.

गावात चर्च बरीच आहेत, मिझेरिकोर्दिया आहे, साओ साल्वादोर आहे, पण खरं बघायचं तर दम लागेपर्यंत वर चढा, किल्ल्याजवळ. राजा अफोंसो एन्रिकेसने ११६५ मध्ये ही जागा टेम्पलर नाइट्सना, म्हणजे धर्मासाठी लढणाऱ्या ख्रिस्ती योद्ध्यांच्या संघाला, दिली आणि त्यांनी इथे किल्ला उभा केला, पुढे एकोणिसाव्या शतकात दारूगोळ्याचा स्फोट झाला आणि त्यात बराचसा उडाला. बाजूलाच साओ मिगेलचं चॅपल, बाराव्या शतकातलं, रोमनेस्क, म्हणजे जाड भिंती आणि गोल कमानींच्या जुन्या शैलीतलं. छप्पर गेलंय, भिंती मात्र खणखणीत, आणि भोवतीच्या खडकात माणसाच्या मापाच्या कबरी कोरलेल्या, डोक्यासाठी वेगळी खाच वगैरे. म्हणजे जिवंतपणी धोंड्याखाली आणि मेल्यावर खडकात, इथल्या माणसाची दगडातून सुटकाच नाही!

मे महिन्यात मात्र हाच चढ गजबजतो. बायका आदुफ नावाचा चौकोनी डफ वाजवत किल्ल्यावर जातात आणि तटावरून फुलांनी भरलेलं मडकं खाली फेकतात. गोष्ट अशी सांगतात की गावाला वेढा पडला होता, धान्य संपत आलेलं, तर लोकांनी उरलेला गहू शेवटच्या वासराला चारला आणि ते वासरू खाली फेकलं, शत्रूला वाटलं यांच्याकडे अजून भरपूर खायला आहे, गेला वेढा उठवून. आता हा शत्रू कोण, तर कोणी रोमन म्हणतं, कोणी मूर (उत्तर आफ्रिकेतून आलेले मुसलमान), ज्याला जो पटेल तो.