पिंजऱ्यातून झिरपलेले रसायन

1998 सालचा ऑगस्ट महिना. अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे, केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत, आनुवंशशास्त्रज्ञ पॅट्रिशिया हंट उंदरांच्या स्त्रीबीजांचा अभ्यास करीत होत्या. ज्या माद्यांना काहीही दिलेले नव्हते, केवळ तुलनेसाठी ठेवलेले होते, त्यांच्याच बीजांत एकाएकी गुणसूत्रे विस्कटलेली दिसू लागली. एरवी 1 ते 2 टक्के बीजांत आढळणारा हा दोष 40 टक्क्यांवर गेला होता.

कारण शोधता शोधता नजर पिंजऱ्यांवर गेली. त्यांचे काचेसारखे स्वच्छ, टणक प्लास्टिक, म्हणजे पॉलिकार्बोनेट, धुरकट पडले होते, कारण ते चुकीच्या, तीव्र साबणाने धुतले गेले होते. त्या झिजलेल्या प्लास्टिकमधून ते बनवण्यासाठी वापरलेले रसायन, बिस्फेनॉल ए (बीपीए), झिरपत होते आणि पेशींत इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक जिथे चिकटते, त्या ग्राहींवर जाऊन बसत होते.

हे द्रव्य इस्ट्रोजेनसारखे वागते, हे लंडनमध्ये एडवर्ड चार्ल्स डॉड्स यांनी 1936 सालीच दाखवले होते. तरीही 1950 च्या दशकात त्याच्यापासूनच पॉलिकार्बोनेट घडवले गेले, आणि पुढे त्याच्या दूधबाटल्या तान्ह्या बाळांच्या ओठांना लागल्या. माहिती हाताशी असताना हे घडले, याचे दुःख वाटते.

संप्रेरके (हार्मोन्स) रक्तात अत्यल्प प्रमाणात असतात आणि तेवढ्यावरच शरीराची वाढ, पाळी, गर्भाची जडणघडण चालते. म्हणून बाहेरून आलेला लेशही येथे दुर्लक्षून चालत नाही. पीव्हीसी हे प्लास्टिक मऊ करणारी थॅलेट्स ही रसायने तर प्लास्टिकशी रासायनिक बंधाने जोडलेलीच नसतात, ती हळूहळू सुटत राहतात. गर्भावस्थेत त्यांची मात्रा वाढली की नर उंदरांच्या पिल्लांत टेस्टोस्टेरॉन या पुरुष-संप्रेरकाची निर्मिती घटते. प्लास्टिकच्या वस्तूचे बारीक कण झाले, की पृष्ठभाग वाढतो आणि ही द्रव्ये बाहेर पडणे सोपे होते. असे कण मानवी वारेतही सापडल्याचे इटलीतील संशोधकांनी 2021 साली नोंदवले. अर्थात, कण सापडला म्हणजे अपाय सिद्ध झाला असे नव्हे. त्याविषयीचे संशोधन अजून चालू आहे.

भारतात दूधबाटल्यांसाठी पॉलिकार्बोनेट वापरण्यावर 2015 च्या मानकाने बंदी आली. डब्यांवर ‘बीपीए-फ्री’ झळकू लागले. परंतु अनेक ठिकाणी त्याच्या जागी आले ते त्याचेच भावंड, बिस्फेनॉल एस.

हंट यांच्या प्रयोगशाळेत, आता वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात, उंदरांचे निष्कर्ष पुन्हा बिघडले; 2018 साली त्यांनी ते प्रसिद्ध केले. पिंजरे या वेळी पॉलिसल्फोन या दुसऱ्या प्लास्टिकचे होते. त्यांतून झिरपत होते बिस्फेनॉल एस, आणि संपर्क थांबवल्यावरही नरांमधील परिणाम पुढच्या पिढ्यांपर्यंत उतरला होता.