उमजलेले गाणे

मित्रहो, ‘तू आहेस तसाच राहा’ हा सल्ला आज तरुणांना फार सहजपणे दिला जातो. देणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. परंतु आपले स्वत्व आत कुठेतरी तयार होऊन बसले आहे आणि लोकांची भीड सोडली की ते आपोआप प्रकट होईल, असे त्यात गृहीत धरलेले असते. मला हे पटत नाही. स्वत्व घडवावे लागते आणि ते घडताना दुसऱ्यांकडून पुष्कळ घ्यावे लागते, हे कुमार गंधर्वांच्या आयुष्यात मला अतिशय स्पष्ट दिसते. म्हणून आज तुम्हा गाणे शिकणाऱ्यांपुढे मी त्यांच्याविषयीच बोलणार आहे.

बेळगावजवळच्या सुळेभावी गावी १९२४ साली जन्मलेला शिवपुत्र कोमकळी हा मुलगा प्रथम नावाजला गेला तो थोर गवयांच्या ध्वनिमुद्रिका हुबेहूब गाऊन दाखवण्यासाठी. ‘कुमार गंधर्व’ ही पदवीही त्याला त्या कोवळ्या वयातच मिळाली. म्हणजे इतरांसारखे होण्याच्या कलेत हा मुलगा कमालीचा यशस्वी होता आणि श्रोते त्यावर खूश होते. पुढे मुंबईत प्रा. बी. आर. देवधरांकडे त्याचे शिक्षण झाले. देवधर ग्वाल्हेर घराण्याच्या विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य, तरी निरनिराळ्या घराण्यांची विद्या आस्थेने गोळा करणारे. अंजनीबाई मालपेकरांचीही तालीम कुमारांना लाभली. घराणे हीच गवयाची ओळख मानली जाण्याच्या त्या काळात एवढे मोकळे शिक्षण मिळणे हे भाग्यच म्हटले पाहिजे.

नंतर क्षयाने गाठले. हवापालटासाठी १९४८ साली ते माळव्यात, देवासला आले. कित्येक वर्षे गाणे बंद होते, आणि स्ट्रेप्टोमायसिन हे तेव्हाचे नवे औषध मिळाले म्हणून ते वाचले. एक फुफ्फुस निकामी झाल्यामुळे त्यांच्या गाण्यात लहान लहान स्वरवाक्ये आली, असे अनेकदा सांगितले जाते. हे स्पष्टीकरण मला अपुरे वाटते, आणि थोडे अन्यायाचेही. आजाराने श्वासाला मर्यादा घातली असेल. पण त्या सक्तीच्या मौनात त्यांनी काय ऐकले, हे आजाराने ठरवले नव्हते. आसपासच्या बायकांची माळवी गाणी ते कान देऊन ऐकत राहिले. चार-पाच स्वरांच्या धुनेतही एक पुरी आकृती असते, आणि रागांचे मूळ अशाच धुनांत आहे, हा विचार त्यांच्या मनात तेथे पक्का झाला. त्यातूनच मालवती, संजारी, मघवा असे धुनउगम राग जन्माला आले. त्यांच्या बंदिशींचा ‘अनूपरागविलास’ हा संग्रह १९६५ साली प्रसिद्ध झाला. फिरत्या गोसाव्यांच्या तोंडची निर्गुणी भजनेही त्यांनी तेवढ्याच गांभीर्याने मैफलीत आणली. शास्त्रीय गवयाने लोकगीतांपाशी शिष्य म्हणून बसावे, यात वेगळे दिसण्याची हौस मुळीच नाही. जे ऐकू आले ते नाकारायचे नाही, एवढाच तो आग्रह आहे.

वेगळेपणाच्या नावाखाली पूर्वसूरींना झटकून टाकणाऱ्यांनी त्यांचा ‘मला उमजलेले बालगंधर्व’ हा कार्यक्रम अवश्य ऐकावा. बालगंधर्वांच्या नाट्यपदांवर तेव्हाच्या मराठी माणसाचा जीव जडलेला होता. त्यांतली एकेक जागा लोकांना पाठ होती. लहानपणी ध्वनिमुद्रिका तंतोतंत उतरवणाऱ्या कुमारांना त्या जागा जशाच्या तशा घेणे अवघड नव्हते, आणि तसे केले असते तर टाळ्याही खात्रीच्या होत्या. त्यांनी तसे केले नाही. बालगंधर्वांचे लयीशी असलेले नाते, शब्द उच्चारताना स्वराला दिलेले वजन, पदातला भाव कुठे उमलतो, याचा त्यांनी अभ्यास केला आणि मग ती पदे आपल्या आवाजाच्या धर्माने गायिली. ऐकताना बालगंधर्वांविषयीची भक्ती क्षणभरही उणी वाटत नाही, आणि गाणारे कुमारच आहेत याविषयीही क्षणभर शंका येत नाही.