देवानं ठरवलं, मग दोष कुणाचा?

नमस्कार श्रोतेहो. मयताच्या घरी बसायला गेलं की, जळगाव असो वा नंदुरबार, एक वाक्य हमखास ऐकू येतं: "कपायमा लिखेल व्हतं." ख्रिस्ती घरात तेच "देवाची योजना होती" असं होतं. पण पवित्र शास्त्रातली (बायबलमधली) आगाऊ नेमणूक, म्हणजे देवानं आधीच ठरवून ठेवणं, आणि हे कपाळावरचं लिखित, दोन्हींची जात वेगळी. कशी, ते पाहायला प्रेषितांची कृत्ये, अध्याय 27 काढा.

येशूचा प्रेषित पौल कैदी म्हणून रोमला चाललाय. जहाजावर 276 माणसं, चौदा रात्री वादळ. एकाचाही जीव जाणार नाही, असं देवदूतानं पौलाला सांगितलंय. म्हणजे शेवट ठरला. पुढे खलाशी नांगर टाकायच्या निमित्तानं होडी पाण्यात सोडतात, बेत पळायचा. तेव्हा हाच पौल शताधिपतीला, म्हणजे शिपायांवरच्या रोमी अधिकाऱ्याला, बजावतो, हे जहाजात राहिले नाहीत तर तुम्ही वाचणार नाही. शिपाई होडीचे दोर कापतात आणि अखेर सगळे किनाऱ्याला लागतात, कुणी पोहून, कुणी फळ्यांवर. लिखित मानणारा म्हणेल, खलाशी गेले काय, राहिले काय, वाचणारे वाचलेच असते. पौल तसं म्हणत नाही. देवानं शेवट ठरवला तेव्हा खलाशांचं थांबणंही त्यातच धरलं होतं. साधन वगळून नुसता शेवट पकडला, की तिथून पुढचा सगळा गोंधळ सुरू होतो.

दुसरी गफलत पूर्वज्ञानाची. देवाला आधीच ठाऊक, म्हणून मला तसंच वागणं भाग आहे, असं लोक म्हणतात. भुसावळच्या पुलावर उभं राहिलं की खाली गाडी रूळ बदलताना दिसते; आपण पाहतो म्हणून ती बदलत नाही. सहाव्या शतकात रोमी तत्त्वज्ञ बोएथियसनं याच धर्तीचं उत्तर दिलं. मात्र हे उत्तर 'जाणण्या'पुरतं. देव 'ठरवतो' म्हटलं की ते अपुरं पडतं, हे मान्य करायला हवं.

त्या ठरवण्यावरून चर्चमध्ये शतकानुशतकं भांडण आहे: तारण, म्हणजे पापातून सुटका, कुणाला मिळणार हे देवच ठरवतो, की माणसाच्या इच्छेलाही त्यात वाव आहे? पाचव्या शतकात देवाच्या कृपेवर भर देणारा ऑगस्टीन विरुद्ध माणसाच्या इच्छेवर भर देणारा पेलाजियस, 1525 मध्ये स्वतंत्र इच्छा मानणाऱ्या इरॅस्मसला ल्यूथरचं उत्तर, मग 1618-19 ची नेदरलँड्समधली डॉर्टची सभा. कॅल्विनपंथी, म्हणजे सोळाव्या शतकातला सुधारक कॅल्विन याचे अनुयायी, निवड सर्वस्वी देवाची मानतात. वेस्लीचे मेथडिस्ट म्हणतात, कृपा सर्वांना मिळते आणि माणूस ती नाकारू शकतो. ट्रेंटच्या सभेनं 1547 मध्ये कॅथलिकांसाठी सांगितलं की देवानं हलवलेली इच्छाही होकार किंवा नकार देऊ शकते. पण 1646 चा वेस्टमिन्स्टरचा विश्वासाचा कबुलीजबाब, जो कडक कॅल्विनपंथी, तोसुद्धा म्हणतो की देव पापाचा कर्ता नाही आणि माणसाच्या इच्छेवर जबरदस्ती होत नाही. भांडण तारणाच्या निवडीचं. दोष माणसाचा, यावर बाजू फारशा फुटत नाहीत.

मिसरचा राजा फारो, ज्याचं मन देवानंच कठीण केलं असं शास्त्र म्हणतं, त्याचं काय, असा प्रश्न येतोच. निर्गम 8:15 आणि 8:32 मध्ये तो स्वतःच मन कठीण करतो. मिसरवर आलेल्या पीडांच्या ओघात परमेश्वरानं ते कठीण केल्याचा स्पष्ट उल्लेख 9:12 ला, सहाव्या पीडेनंतर. अर्थात 4:21 मध्ये देवानं ते आधीच सांगितलं होतं, म्हणून कॅल्विनपंथी एवढ्यानं गप्प बसत नाहीत, बसूही नये. रोमकरांस पत्राचा नववा अध्याय (देव ज्याच्यावर हवी त्याच्यावर दया करतो, असं सांगणारा) वाचणाऱ्यांनी दहावा आणि अकरावा त्याच बैठकीत वाचावा. नववा एकटा वाचला की माणूस एकतर गर्विष्ठ होतो, नाहीतर हताश.

कापसाच्या काट्यावर माप मारणारा "देवानं होऊ दिलं" म्हणाला, तर पाळकानं (चर्चच्या धर्मगुरूनं) तीनच गोष्टी विचाराव्यात. ठाऊक होतं का? कुणी जबरदस्ती केली का? टाळता आलं असतं का? "ठाऊक होतं, जबरदस्ती नव्हती, टाळता आलं असतं" अशी उत्तरं आली, की योजनेचा विषय तिथे संपला. येशूच्या शिष्यानं, पेत्रानं, कृत्ये 2:23 मध्ये एकाच वाक्यात दोन्ही सांगितलं: येशूला देवाच्या ठाम संकल्पानुसार सोपवण्यात आलं, आणि तुम्ही त्याला मारलंत. ऐकणाऱ्यांनी संकल्पाची ढाल पुढे केली नाही, "आम्ही काय करावं?" असं विचारलं.

आणि जकातदार जक्कय? "आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे," असं येशू त्याला आपणहून म्हणाला, पुढाकार येशूचा. जक्कयनं मात्र अर्धी मालमत्ता गरिबांना देऊ केली आणि ज्यांना नाडलं होतं त्यांना चौपट परत करायचं कबूल केलं. काट्यावर ज्यांचा कापूस कमी भरला त्यांची नावं वहीत असतात. पाळकानं ती वही मागवावी.