तरणतलावाची ऊब जाते कुठे?

जानेवारीत ग्वाल्हेरला रात्रीचा पारा ५ ते ७ अंशांपर्यंत उतरतो. अशा थंडीत तिथल्या लष्कर नावाच्या भागातल्या मराठी घरांतून पहाटे अंघोळीसाठी तांब्याचा बंब पेटत असे, आणि पाणी तापेपर्यंत त्याचे झाकण कोणी उगाच उघडत नसे. तरणतलाव मात्र रात्रभर उघडाच राहतो, आणि हीटरच्या क्षमतेचा हिशेब बहुधा इथेच चुकतो.

२० मीटर लांब, १० मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल असा एक तलाव धरू. त्यात ३०० घनमीटर, म्हणजे ३ लाख लिटर पाणी मावते. एक घनमीटर पाणी एका अंशाने तापवण्यासाठी सुमारे १.१६ युनिट (किलोवॅट-तास) उष्णता लागते. त्यामुळे १६ अंशांचे पाणी २७ अंशांवर नेण्यासाठी ३,८०० युनिटांच्या आसपास उष्णता हवी, आणि हे काम ३ दिवसांत उरकायचे म्हटले तर ५३ किलोवॅटचा हीटर पुरेल असे कागदावर दिसते.

आता तलावाच्या काठाची एक फरशी जवळून पाहू. संध्याकाळी पाण्याच्या रेषेवर पेन्सिलीने खूण केली आणि सकाळी पाणी त्या खुणेखाली ४ मिलिमीटर गेलेले दिसले, तर गळती नसल्याची खात्री करून घेतल्यावर त्याचा अर्थ एकच उरतो : ८०० लिटर पाण्याची वाफ झाली. एक लिटर पाणी वाफ होऊन जाताना सुमारे ०.६८ युनिट उष्णता सोबत नेते. म्हणजे बोटाच्या नखाएवढ्याही नसलेल्या त्या घसरणीत ५४० युनिटे उडाली, आणि १० तासांच्या रात्रीत ती भरून काढण्यासाठीच ५४ किलोवॅट लागले. गार हवा आणि निरभ्र आकाश यांनी ओढून नेलेली उष्णता तर अजून मोजलेलीच नाही. कागदावर पुरेसे वाटलेले यंत्र रात्रभर चालले, तरी पाणी गारच होत जाणार.

म्हणूनच खोलीपेक्षा पृष्ठभागाचे क्षेत्रफळ अधिक महत्त्वाचे आहे, आणि मोठ्या यंत्राआधी रात्री अंथरायचे कव्हर घ्यावे असे आमचे स्पष्ट मत आहे. कव्हरखाली वाफ होणे जवळजवळ थांबते.

हीट पंप, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाण्याला देणारे यंत्र, घेणार असाल, तर आणखी एक गोष्ट पाहावी. त्याच्या पाटीवरची क्षमता सहसा उबदार हवेत मोजलेली असते आणि हवा गार होत जाते तशी ती घटते. तेव्हा ७ अंशांच्या हवेत ते यंत्र किती किलोवॅट उष्णता देते, हा आकडा विक्रेत्याकडून लेखी घ्यावा.