फ्रंट एक्सलवर पट्टी मारायच्या आधी हे बघा

[कॅमेऱ्यासमोर. टेबलावर एक उघडं हौसिंग, शेजारी ग्राउंड बार आणि दोन चकत्या.]

नमस्कार मंडळी. कॉमेंट उघडली की एकच प्रश्न. "भाऊ, पुढचं एक्सल मजबूत करायचं आहे, वरून पट्टी मारून घेऊ का?" जिप्सीवाले विचारतात, जुनी एमएम ५४० घेतलेले विचारतात, आता जिम्नीवालेही विचारायला लागले. पावसाळा तोंडावर आला की ही गर्दी वाढतेच. उमरेडकडच्या काळ्या मातीत ट्रॉली फसते आणि ती काढायला जीपच बोलावतात. तर आज फक्त सलग एक्सलबद्दल बोलू, म्हणजे दोन्ही चाकं एकाच हौसिंगवर, एक्सलच्या पोकळ कवचावर, असलेलं. थारवाल्यांनी नाराज होऊ नका. तुमच्याकडे २०१० ची असो की २०२० ची, पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आहे. तिथलं गणित वेगळं.

पटकन दोन गोष्टी. हौसिंगचे दोन प्रकार असतात. जिप्सीचं बँजो, म्हणजे पोलादी पत्र्याचं, आणि डिफरन्शियल, म्हणजे दोन्ही चाकांना जोर वाटून देणारा मधला गिअर, बोल्ट काढून अख्खं बाहेर येतं. जुन्या जीपचं दुसऱ्या प्रकारचं. मधला भाग ओतीव आणि त्यात दोन्ही बाजूंनी पाइप दाबून बसवलेले. तुमचं कोणतं आहे ते आधी बघा, कारण वेल्डिंगची कांडी त्यावर ठरते. आणि गाडी रस्त्यावर चालवायची असेल तर एक्सल बदलणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मधला विषय आहे. आरटीओत विचारल्याशिवाय दुसऱ्या गाडीचं एक्सल खाली टाकू नका. झालं, पुढे.

आता मुद्दा. तुमचं नेमकं तुटतंय काय? हे न विचारता वेल्डिंग मशीन चालू करणाऱ्यांचा मला खरंच राग येतो. पुढे चार गोष्टी जातात. हौसिंग वाकतं, नकलमधला (टोकाला चाकासोबत वळणारा भाग) जॉइंट फुटतो, किंगपिन (नकल ज्या खिळीवर वळतं ती) बेअरिंग आणि स्टीअरिंग आर्मचे स्टड ढिले होतात, किंवा क्राउन-पिनियनचे, म्हणजे डिफरन्शियलच्या मुख्य गिअरच्या जोडीचे, दात जातात. पट्टी मारून यातलं फक्त पहिलं सुधारतं. जॉइंट फुटत असेल तर हौसिंगवर वीस किलो लोखंड चढवा, जॉइंट फुटतच राहील.

जॉइंटवर किती जोर येतो ते मोजू. समजा एका पुढच्या चाकावर ७०० किलो वजन आलं, दगडावर पकड ०.९ धरली आणि टायरची त्रिज्या ०.३८ मीटर. ७०० गुणिले ९.८१, गुणिले ०.९, गुणिले ०.३८. साधारण २३५० न्यूटन-मीटर. इंजिन कितीही दणकट असो, एवढ्यावर टायर घसरतो. म्हणजे शाफ्टवरचा, हौसिंगच्या आत चाक फिरवणाऱ्या दांड्यावरचा, भार इंजिन ठरवत नाही, टायर आणि वजन ठरवतात. मोठे टायर टाकले, वर लोखंडी बंपर, विंच आणि दुसरी बॅटरी लावली, की भार तुम्हीच वाढवला. काळ्या मातीत पकड कमी, म्हणून तिथे शाफ्ट वाचतात. काटोल-कळमेश्वरकडच्या काळ्या दगडावर तीच गाडी न्या, मग कळतं.

हा झाला सरळ भार. तुटतं ते झटक्याने. चाक हवेत फिरतंय, पाय एक्सलरेटरवर, आणि ते एकदम दगडावर टेकलं, की त्या क्षणी भार या आकड्याच्या कितीतरी वर जातो. त्यात स्टीअरिंग पूर्ण वळवलेलं असेल तर जॉइंटचा कोन सर्वांत वाईट असतो. म्हणून सर्वांत स्वस्त मजबुती म्हणजे स्टीअरिंग स्टॉपचे, चाक किती वळेल ते अडवणारे, बोल्ट. पूर्ण वळवल्यावर जॉइंट अडकत नाही ना, हे गाडी जॅकवर घेऊन हाताने चाक फिरवून बघा. अडकत असेल तर बोल्ट फिरवून थोडा जास्त बाहेर येऊ द्या, म्हणजे चाक थोडं कमी वळेल. वळायला जागा जास्त लागेल, लागू दे.

शाफ्टच बदलायचा असेल तर व्यासाकडे बघा. पिळाची ताकद व्यासाच्या घनाने वाढते. डाना या अमेरिकी एक्सलचं उदाहरण घ्या. डाना ४४ चा ३० दाती शाफ्ट १.३१ इंच, डाना ६० चा ३५ दाती दीड इंच. दिसायला फरक किरकोळ, ताकदीत दीडपट. पण तोही फुकट मिळत नाही. शाफ्ट जाड केला की त्यानंतरचा कमकुवत दुवा क्राउन-पिनियन. मागचं साधं डिफरन्शियल पुढे फिरवून बसवलं, तर गाडी पुढे जाताना दातांच्या उलट्या बाजूवर भार येतो आणि ती बाजू मुळातच कमजोर. हाय-पिनियन (पिनियन मध्यरेषेच्या वर असलेलं), उलट्या कापाचं असेल तरच पुढे सरळ बाजू मिळते. "मागचंच पुढे टाकलं, मस्त चालते" असं लिहिणाऱ्या दादांनी रिव्हर्समध्ये आणि पुढे, दोन्हीकडे जोर लावून मग सांगावं.

ओढणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. ट्रॉली ओढताना पुढचं एक्सल हलकं होतं. हूक जमिनीपासून अर्धा मीटर, ओढ १००० किलोची, व्हीलबेस २.४ मीटर, तर पुढून साधारण २०८ किलो कमी. हूक ०.८ मीटरवर नेला की ३३३ किलो. पुढचं चाक उडतं, टेकतं, परत उडतं. प्रत्येक टेकण्याला जॉइंटवर हातोडा. म्हणून हूक खाली ठेवा, आणि चाक उड्या मारायला लागलं की पाय काढा. व्हिडिओ काढणारा "अजून दे, अजून दे" म्हणतो. जॉइंटचे पैसे तो देणार नाही.

[हौसिंग कॅमेऱ्याजवळ आणून]

आता समजा तुमचं हौसिंगच वाकतंय. ओळखायचं कसं? सपाट जागेवर गाडी उभी करा, चाकं सरळ, ओळंबा सोडा. रिमची वरची कड आणि खालची कड यांतला फरक मोजा. १५ इंची रिमवर साडेसहा मिलिमीटरचा फरक म्हणजे सुमारे एक अंश. दोन्ही चाकांची डोकी आत कलली असतील, टायर आतल्या कडेने झिजत असतील आणि बेअरिंगला खेळ नसेल, तर हौसिंगची टोकं वर उचलली गेली आहेत. गाडीचं वजन पाट्यांवरून (लीफ स्प्रिंगवरून) खाली, चाकं टोकाला वर ढकलतात, म्हणून मध्ये झोळ येतो.

मजबूत कसं करायचं? बरेच जण पाइपच्या आत दुसरा पाइप ठोकतात. आकडे बघा. ७० मिलिमीटरचा पाइप, ६ मिलिमीटर जाडी. आतून जाडी १२ केली तर वाकण्याला अडवण्याची ताकद दीडपट होते आणि पाइपचं वजन ८० टक्क्यांनी वाढतं. त्याऐवजी बाहेरचा व्यास ८० केला, जाडी ६ च ठेवली, तर कडकपणा तेवढाच, वजन फक्त १५-१६ टक्के जास्त. म्हणजे उंचीला किंमत आहे, जाडीला नाही. म्हणूनच वर उभा ट्रस, म्हणजे पाइपवर उभ्या प्लेटचा सांगाडा, लावतात. ६ मिलिमीटरची साधी एमएस (माइल्ड स्टील) प्लेट, आयएस २०६२ मानकाची, उंची जेवढी बसेल तेवढी. मात्र पाटे पूर्ण दबल्यावर ट्रस इंजिनच्या संपला (खालच्या ऑइलच्या भांड्याला) लागत नाही ना, हे आधी पुठ्ठ्याच्या कटआउटने बघा. आणि पट्टी, म्हणजे चपटी पट्टी, पाइपला आडवी चिकटवली तर उंची किती वाढली? सहा मिलिमीटर. झाली मजबुती!

आता ती पायरी, जिच्यासाठी हा व्हिडिओ आहे. वेल्ड थंड होताना आकसतो. पाइपच्या वर वेल्ड मारला, वरची बाजू आखूड झाली, टोकं वर गेली. म्हणजे गाडीचं वजन जिकडे वाकवत होतं, तिकडेच तुमचा वेल्डरही वाकवतोय. मजबूत करायला गेलात आणि वाकलेलं हौसिंग कायमचं वाकलेलं पक्कं करून आणलंत.

कॉमेंट येणार, माहीत आहे. "आमच्या वाडीचा वेल्डर तीस वर्षं ट्रकच्या चॅसिस जोडतो, त्याचं काही वाकत नाही." बाप्पा, त्याच्या हाताला नाव ठेवत नाही. पण धातू आकसणार, हात कोणाचाही असो. चॅसिसमध्ये दोन मिलिमीटर कुठेतरी जिरून जातात. इथे आत शाफ्ट फिरतोय, त्याच्या एका टोकाला सील आहे, दुसऱ्या टोकाला दात. पाइप वाकला की शाफ्ट तिरका बसतो, सीलची एक बाजू खाल्ली जाते, ऑइल नकलमध्ये येतं आणि ग्रीस पातळ होतं. मग तुम्ही सील बदलता, परत गळतं, परत बदलता. दोष सीलचा नाहीच.

म्हणून मोजायचं. ही ३२ मिलिमीटरची ग्राउंड बार, म्हणजे ग्राइंडिंग करून अचूक मापाची केलेली सरळ सळई. या दोन चकत्या, पाइपच्या टोकाच्या मापाने लेथवर बनवलेल्या. हिंगणा एमआयडीसीतल्या कोणत्याही चांगल्या लेथवाल्याला माप द्या, होतं. चकतीची जाडी ५० मिलिमीटर आणि भोक बारपेक्षा ०.१ मोठं. जाडी का? पातळ चकतीतून वाकड्या पाइपमध्येही बार जाते. ५० च्या चकतीत साधारण एक दशांश अंशाच्या वर तिरकं झालं की बार अडकते. ओतीव मध्यभागाच्या हौसिंगमध्ये बेअरिंगच्या खाचांतही चकत्या बसवा आणि कॅप पूर्ण कसून ठेवा. वेल्डिंगच्या आधी बार हाताने सरकते का बघा. नसेल सरकत, तर आधीच वाकलंय. तसं हौसिंग प्रेसवर सरळ केल्याशिवाय ट्रस लावूच नका.

क्रम असा. सगळं काढा. शाफ्ट, नकल, डिफरन्शियल, बेअरिंग, सील, ब्रेकचे पाइप. हौसिंग गाडीखाली लटकत असताना वेल्ड नको. अर्थचा करंट बेअरिंगमधून गेला की त्याला खड्डे पडतात, आणि इलेक्ट्रॉनिक गाडी असेल तर ईसीयूचं, म्हणजे इंजिनच्या कंप्युटरचं, वेगळंच. ऑइल पूर्ण धुऊन काढा, पण ब्रेक क्लीनर मारून लगेच वेल्ड करू नका. काही क्लीनरमध्ये क्लोरिन असतं, त्यातून विषारी वायू होतो. ब्रीदर (हवा जायचं भोक) आणि मागचं तोंड उघडं ठेवा, आत वाफ कोंडायला नको. गंज, रंग घासून लखलखीत धातू दिसू द्या. ऑइल आणि मातीवर मारलेला वेल्ड फोडासारखा भोकाळतो.

मग हौसिंग जाड आय-बीमवर टोकांनी बांधा आणि मध्ये थोडं पॅकिंग द्या, म्हणजे टोकं किंचित खाली दाबलेली राहतील. किती, याचा ठराविक आकडा नाही. बारच सांगेल. ट्रस दर ७५ ते १०० मिलिमीटरवर छोट्या टाक्यांनी पकडा. बार घाला. मग २५ ते ४० मिलिमीटरचा एक टाका, आणि पुढचा त्याच्या शेजारी नाही. दुसऱ्या टोकाला, दुसऱ्या कडेला. चार टाके झाले की थांबा. हात ठेवता आला पाहिजे, मगच पुढे. मे महिन्यात नागपुरात तेवढं थांबणं जिवावर येतं, पण पाणी ओतायचं नाही, फॅन लावायचा नाही. दर दोन फेऱ्यांनी बार सरकवून बघा. अडकायला लागली तर वरचं थांबवा आणि पाइपच्या खालच्या बाजूला त्याच जागी छोटा टाका द्या, तो उलटं ओढेल. एका दमात अर्धं हौसिंग शिवणाऱ्याला तिथेच थांबवा, पैसे कापले गेले तरी चालतील.

आता कांडी. घरच्या ग्रिलला लागते ती ६०१३ इथे नको. ७०१८, ३.१५ मिलिमीटर, १०० ते १४० अँपिअरच्या आसपास. आणि ती कोरडी हवी. पावसाळ्यात उघड्या पाकिटातली कांडी ओल धरते आणि वेल्डच्या बाजूला केसासारखी चीर जाते. ओव्हनमध्ये ३०० ते ३५० अंशांवर तासभर तरी भाजून घ्या. ओतीव मध्यभाग आणि पाइपचा सांधा मात्र ७०१८ ने नाही. तिथे निकेल-लोखंडाची कांडी, आधी सुमारे २०० अंश गरम, एकेक इंचाचा टाका, प्रत्येक टाक्यावर गरम असतानाच हातोडीने हलकी टिचकी, आणि शेवटी राखेत किंवा कोरड्या वाळूत झाकून रात्रभर. जिप्सीला हे लागत नाही, तिथे सगळं पोलादच. पण बँजोचं तोंड वाकलं की गॅस्केटमधून गळतं, म्हणून तिथे वेल्ड करताना जाड प्लेट बोल्टने कसून ठेवा.

नकल, स्टीअरिंग आर्म, शाफ्ट यांना वेल्ड लावायचाच नाही. "आर्मला थोडासा टाका मारला तर?" नाही.

जोडताना किंगपिनचे शिम (पातळ चकत्या) पूर्वीचेच परत टाकू नका. सील न बसवता, स्प्रिंग काट्याने नकल ओढून, ओढायला लागणारा जोर शिमने मॅन्युअलमधल्या आकड्यावर आणा. ढिलं ठेवलं तर साठच्या स्पीडला स्टीअरिंग थरथरतं आणि मग सगळे स्टीअरिंग डॅम्पर विकत घ्यायला पळतात. जॉइंटमध्ये मॉलीचं काळं ग्रीस, चॅसिसचं पिवळं नाही. ब्रीदरला रबरी नळी लावून बॉनेटच्या उंचीवर न्या. नाल्यातून गाडी काढली की दुसऱ्या दिवशी डिफचं ऑइल थेंबभर बाहेर काढून बघा, दुधाळ दिसलं तर बदला. यू-बोल्ट आणि आर्मचे स्टड पहिल्या १०० किलोमीटरनंतर परत टॉर्क रेंचने तपासा.

आणि ते फ्रीव्हील हब (चाक शाफ्टपासून सोडवता येतं ते) ठेवायचे की काढून फिक्स प्लेट टाकायच्या, हे विचारणारे बरेच आहेत. बाहेरचं हब फुटलं तर जागेवर अर्ध्या तासात बदलता येतं. आतला जॉइंट फुटला तर अख्खं नकल उघडावं लागतं. मोठे टायर असतील आणि शाफ्ट मूळचेच असतील, तर हबच ठेवा.